कितनी मूर्ति?

उझबेकिस्तानात हिंडून आलेली मंडळी बुखारा-समरकंदच्या निळ्या घुमटांपेक्षा तेथील दस्तरखानाविषयीच अधिक बोलतात, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. दारापासून सर्वांत दूरची, म्हणजे घरातील सर्वांत मानाची जागा परक्याला द्यावी, वडीलधाऱ्याने गोल नान स्वतःच्या हाताने मोडून त्याच्यापुढे ठेवावी, आणि चहाचा पियाला मुद्दाम अर्धवट भरावा, की जेणेकरून तो पुन्हा पुन्हा भरण्याच्या मिषाने पाहुणा आणखी काही काळ बसून राहील, असा तेथील दस्तूर आहे. पाहुणा बापाहून थोर, अशी त्या लोकांत म्हण आहे. मेहमान, मुसाफिर, सराई, मोहल्ला हे शब्द थोड्याफार उच्चारभेदाने त्यांच्या बोलीत नांदतात. आपल्याकडे ते फार्सीच्या वाटेने आले, आणि त्याच वाटेने आलेली मेजवानी तर मराठीत इतकी रुळली की ती मूळची परकी आहे असे सांगितल्यास कित्येकांना खरे वाटू नये.

तरीही ही वर्णने ऐकताना मनात एक सल राहतो. ज्या गोष्टीचे कौतुक करण्यासाठी माणसे ताश्कंदचे विमान धरतात, ती आमच्या जबलपुरास ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर दृष्टीस पडते, आणि शहरातील सुशिक्षित वर्ग मात्र तिच्याजवळून मान खाली घालून निघून जातो. नर्मदेला सदैव उजव्या हाताशी ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, दोन्ही तीर मिळून सुमारे 2600 किलोमीटर चालणारा परिक्रमावासी परंपरेने द्रव्य जवळ बाळगीत नाही. संकल्प सोडतानाच तो आपल्या उदरनिर्वाहाचा भार तीरावरच्या अनोळखी लोकांवर टाकतो, आणि 3 वर्षे, 3 महिने व 13 दिवसांची परंपरागत मुदत पाळायची म्हटली तर तितका काळ ते लोक तो भार वाहतात.

तिन्हीसांजेस एखाद्या खेड्याच्या वेशीशी येऊन तो 'नर्मदे हर' म्हणतो, आणि पलीकडून प्रश्न येतो तो 'कितनी मूर्ति?' एवढाच. माणसे मोजताना मूर्ती हा शब्द वापरणारी दुसरी वहिवाट मला ठाऊक नाही. मग आसन कोठे लावायचे ते दाखविले जाते आणि सदावर्त मिळते, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा. शिजविलेले अन्न न देता शिधा देण्याच्या या रिवाजामागे स्पर्शास्पर्शाचा विचारही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी शिजलेली भोजनप्रसादीच मिळते, आणि तो बदल मला स्वागतार्ह वाटतो.

काही वर्षांपूर्वी भेडाघाटाहून ग्वारीघाटाकडे येणाऱ्या चार परिक्रमावासींसोबत मी दोन दिवस चाललो होतो. लम्हेटाच्या अलीकडे एका केवट कुटुंबाच्या ओसरीवर आम्ही आसन लावले. घरात पीठ जेमतेमच होते, हे डब्याच्या तळाशी घासणाऱ्या वाटीच्या आवाजावरून कळत होते. तरी त्या घरच्या आजीने शेजारणीकडून पीठ आणविले आणि पाचव्या मूर्तीचा, म्हणजे माझाही, शिधा मांडला. माझा कसलाही संकल्प नव्हता, खिशात पैसे होते, घर तीन तासांच्या वाटेवर होते, आणि ते पीठ मी खाल्ले.

या मुलखाचा दुसरा इतिहासही येथे आठवल्यावाचून राहत नाही. 1817 साली नागपूरकर भोसल्यांचा अंमल संपून इंग्रजांचा सुरू झाल्यावर, पुढे इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने वाटसरूंचा गळा आवळून त्यांना लुटणाऱ्या ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे जबलपुरास केले, आणि माफीच्या साक्षीदार ठगांसाठी तंबू व गालिचे विणण्याचा कारखानाही येथेच निघाला. ठगाचे हत्यार रुमाल म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु रुमालापूर्वी तो सौजन्याचे हत्यार वापरी: वाटेत सोबत करणे, एकत्र जेवणे, मुक्कामावर गोड बोलणे. इंग्रजी दप्तरांतील त्या कथनांत अतिरंजन किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि ज्या प्रदेशात सोबत्यावरचा भरवसा प्राणावर बेतू शकत होता, त्याच प्रदेशातील खेड्यांनी अनोळख्याला ओसरीवर घेण्याची चाल मोडली नाही, ही गोष्ट मला त्या साऱ्या ठगकथांहून अधिक विस्मयकारक वाटते.

आणि या खेड्यांशी आपण कसे वागलो? गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने मराठी वाचकाला नर्मदातीराचा लळा लावला. आमच्या जबलपुराचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली येथून मंडल्याकडे चालत निघाले, आणि ते चालले त्या तीराचा मोठा भाग पुढे बरगी धरणाच्या जलाशयाखाली गेला. 162 गावांना त्या जलाशयाची झळ पोहोचली. पिढ्यान् पिढ्या वाटसरूंना शिधा देणाऱ्या त्या गावांतील कित्येक लोक पोटासाठी जबलपुरात येऊन रिक्षा ओढू लागले, तेव्हा तुम्ही किती मूर्ती आहात असे या शहराने त्यांना विचारले नाही.

आता परिक्रमा बसने व मोटारीने पंधरा-वीस दिवसांत उरकण्याची सोय झाली आहे. वृद्धांना व अपंगांना तिच्यामुळे नर्मदेचे दर्शन घडते, सबब तिला माझी हरकत नाही; परंतु वाहनातून उतरलेल्या चाळीस मूर्तींनी पायी चालणाऱ्याच्या सदावर्ताला हात लावावा, याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. गरिबाची ओसरी ही निराधार वाटसरूसाठी राखलेली जागा असून, तिच्यावर पैसेवाल्याचा हक्क पोहोचत नाही. ज्याला ऐपत आहे त्याने धर्मशाळेत पैसे देऊन उतरावे, आणि मार्गातील खेड्यांत काही न्यायचेच झाले तर धान्य न्यावे. यजमानाच्या हातावर नोटा ठेवू नयेत. त्याने केलेल्या कर्माची किंमत ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढल्या कार्तिकात मी त्या केवटाच्या घरी एक पोते गहू घेऊन गेलो. आजींनी ते पाहिले, क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, आणि मी केलेल्या अपमानाची जाणीव मला तेव्हा झाली. मी हात जोडून म्हणालो, "हे तुमच्यासाठी नाही, मैयाच्या मूर्तींसाठी आहे." तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारून पोते आत घ्यावयास सांगितले. त्याच संध्याकाळी वाटेवर 'नर्मदे हर' ऐकू आले, आणि हातातले काम टाकून त्या दाराशी गेल्या.