सैतान कोण ठरवतो?

देवांची चरित्रं फुटपाथवर ढिगाने मिळतात. सैतानाचं चरित्र कुणी लिहीत नाही. ते लिहायला घेतलं की देवाच्या कारखान्याची मागची बाजू दिसते, जिथे राख टाकतात, मळी सोडतात. आपण तिकडूनच आत शिरू. कारण हा आपला प्रश्न आहे. राक्षस, असुर, पिशाच्च, चांडाळ हे शब्द या देशात एका दमात शिवी म्हणून वापरले गेले. पहिले तीन पोथीतले. चौथा जिवंत माणूस. मनुस्मृतीने त्याला गावाबाहेर ठेवला, मढ्यावरची वस्त्रं नेसायला लावली. राक्षस आणि माणूस यांच्यातली भिंत पुसली की पुढचं सगळं सोपं होतं.

ज्यूंच्या जुन्या ग्रंथापासून सुरू करू. हिब्रूत 'सातान' हे मुळात कुणाचं नावच नाही. आडवा येणारा, आरोप करणारा, एवढाच त्याचा अर्थ. ईयोबाच्या पुस्तकात हा गडी देवाच्या दरबारात बाकीच्यांबरोबर हजर असतो. देवाची रीतसर परवानगी काढतो आणि मग ईयोबाची गुरं, पोरंबाळं, अंगाची कातडी, सगळ्याची वाट लावतो. हा देवाचा दुष्मन कसला? हा तर सरकारी वकील!

पुढची गंमत बघा. दावीद राजाने आपल्या लोकांची शिरगणती केली आणि ते पाप ठरलं. शमुवेलाचं पुस्तक सांगतं की देवानेच रागावून त्याला ती करायला लावली. नंतरच्या काळात इतिहासाच्या पुस्तकात हीच गोष्ट पुन्हा लिहिली, तेव्हा चिथावणी देणारा देव गायब आणि त्याच्या जागी सातान उभा. मधल्या काळात इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनने जेरुसलेम जाळलं, माणसं धरून नेली. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरूश राजाने बाबिलोन घेतलं. इराण्यांकडे बऱ्या-वाईटाची दोन वेगळी खाती होती, अहुर मज्दा आणि अंग्र मैन्यू. ज्यूंनी त्यांच्याकडून किती उचललं यावर पंडित अजून भांडतात. भांडू देत. मला एवढं दिसतं की देवाचे हात स्वच्छ करायचे होते, म्हणून घाण काम दुसऱ्याच्या नावावर चढवलं. गोदीत घाम गाळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मालक नेहमीच देवमाणूस असतो. शिवी मुकादमाच्या तोंडून येते.

दुसरी युक्ती याहून जुनी. शेजाऱ्याचा देव धरायचा आणि त्याचा सैतान करायचा. बालजबूब हा एक्रोन या पलिष्ट्यांच्या शहराचा देव. शुभवर्तमानात तोच बालजबूल होऊन भुतांचा सरदार बनतो. आपल्या मुंबईत अग्यारीत ज्याची प्रार्थना चालते तो अहुर. अहुर आणि असुर मुळात एकच शब्द. ऋग्वेदात वरुणाला, इंद्रालासुद्धा असुर म्हटलंय, तेही मानाने. पुढे इकडे देव चढले आणि असुर पडले. तिकडे इराणात अहुर चढला आणि देव म्हणजे 'दएव' भूत ठरले. पारशांच्या वेंदिदादमध्ये इंद्र राक्षसांच्या यादीत आहे! एकाच घराण्याचे दोन भाऊ वेगळे झाले आणि दोघांनी एकमेकांच्या देव्हाऱ्यावर काळं फासलं. आता सांगा, खरा राक्षस कोण?

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर मी एवढी शाई वाया घालवली नसती. इराणचा सम्राट झर्क्सीस आपल्या शिलालेखात अभिमानाने सांगतो की दएवांचं ठिकाण आपण उद्ध्वस्त केलं. शार्लमेन या ख्रिस्ती राजाने ७७२ ते ८०४ अशी बत्तीस वर्षं सॅक्सन लोकांशी लढाई केली. बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला देहदंड असा कायदा केला. त्या काळच्या सॅक्सन भाषेतली बाप्तिस्म्याची शपथ आजही उपलब्ध आहे. तीत सैतानाला सोडताना आपले थुनेर, वोदेन आणि सॅक्सनोत हे देवही सोडायचे होते. बापजाद्यांचे देव एका दिवसात सैतानाच्या पंगतीत बसले. त्यांची नावं मात्र मेली नाहीत. वेन्सडे आणि थर्सडे म्हणताना आपण वोदेन आणि थुनेरचंच नाव घेतो.

त्यानंतर युरोपात सैतानाशी संग केला म्हणून बायका पकडल्या. पंधराव्या ते अठराव्या शतकात चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे, त्यात बहुसंख्य बाया. आपण हसायचं कारण नाही. डाकीण म्हणून आपल्या सातपुड्यात बाईला झोडपतात. झारखंडला २००१ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मिळाला, तोही नरेंद्र दाभोलकरांचा खून पडल्यावर.

इराकमधले यझिदी लोक मोराच्या रूपातल्या देवदूताला मानतात. शेजाऱ्यांनी त्यांना शतकानुशतकं सैतानाचे पूजक म्हटलं. ऑगस्ट २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या टोळ्या सिंजारमध्ये घुसल्या. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकापोरी बाजारात विकल्या. सैतान हा शब्द आधी येतो, बंदूक मागाहून येते.

पण त्याच इस्लामच्या कुराणातली इब्लिसची गोष्ट नीट वाचा. देवाने मातीचा आदम केला आणि सगळ्यांना त्याच्यापुढे झुकायला सांगितलं. इब्लिस झुकला नाही. त्याचं म्हणणं असं की मी आगीपासून झालो, हा मातीपासून, म्हणून मी श्रेष्ठ. ओळखीचा वाटतो ना आवाज? मी मुखातून, तू पायातून! पुरुषसूक्तात जो हिशेब धर्म म्हणून बसवलाय, तोच हिशेब मांडला म्हणून इथे इब्लिस सैतान ठरतो. जन्माचा माज हेच त्याचं पाप. माणसाला राक्षस ठरवणाऱ्या सगळ्या गोष्टींत ही एक गोष्ट मला जवळची वाटते.

आता आपल्या घरात या. १८७३ मध्ये जोतिबांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि बाजू उलटवली. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, बळी हा इथला राजा, वामन हा कपटी घुसखोर. जोतिबांची प्रत्येक व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्रात टिकणार नाही, पण त्यांचा प्रश्न टिकला: ही गोष्ट सांगतंय कोण? आपली आई-आजी दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणते, म्हणजे पोथीत गाडलेला राजा तिच्या तोंडी जिवंत आहे. दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपासचे माळ तुडवून दाखवलं की देवी ज्याला मारते तो महिषासुर आणि खेडूत ज्याला शेंदूर फासतो तो म्हसोबा, यांचं नातं आहे. झारखंडात असुर नावाची जमात आहे, लोखंड गाळणारी. दुर्गापूजेत बाकीचे नाचतात तेव्हा त्यांच्यातले कितीतरी लोक महिषासुराला पूर्वज मानून सुतक पाळतात. त्यांच्या सुतकाला माझा सलाम.

पण आपल्यातली काही पोरं आता रावणाची, महिषासुराची तसबीर लावतात. तिला हार घालतात, नारळ फोडतात. दोस्तहो, हे काय चाललंय? आणि रावण तर पुराणाप्रमाणे पुलस्त्य ऋषीचा नातू, म्हणजे ब्राह्मणच! पोथी उलटी धरली तरी हातात पोथीच राहते. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या देव्हाऱ्यातले फोटो बदलण्यासाठी नाही, देव्हारा मोडण्यासाठी. महिषासुराचा इतिहास अभ्यासवर्गात मांडा, मी पहिल्या रांगेत बसेन. त्याची आरती केलीत तर उठून जाईन.

आपल्याकडे मार आहे. तो बुद्धाकडे कधी शेतकरी होऊन येतो, तरुण भिक्खूंकडे जटाधारी म्हातारा ब्राह्मण होऊन येतो. सोमा भिक्खुणीला येऊन सांगतो की बाईच्या दोन बोटांच्या अकलेला निब्बाण कुठलं झेपणार? ती त्याला ओळखते आणि विचारते की मन स्थिर असेल तिथे बाईपणाचा काय संबंध? मार तोंड पाडून निघून जातो. त्याला कुणी भाल्याने मारत नाही, त्याचा पुतळा जाळत नाही. ओळखला की संपला. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात माराची पोरं म्हणजे मनातले वाईट विचार आणि विकार असंच धरलंय.

म्हणून मार बाहेरच शोधू नका. महार मोठा की मातंग हे चर्चेला येतं तेव्हा आपल्यात कोण बोलतो? मोर्चात क्रांती ओरडून घरी बायकोवर हात उचलतो तो कोण? इब्लिस आणि मार दोघेही तिथे मजेत चहा पीत बसलेले असतात.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली. जाळलं ते पुस्तक, नियम. आणि ते जाळायचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आपल्या चळवळीने जन्मावरून कुणाचा राक्षस केला नाही, ही आपली ताकद आहे. ती घालवू नका. कायद्याशी लढा, सावकाराशी लढा, पोथीशी लढा, हातात दगड घेतलेल्या माणसाशीही लढा. पण तो माणूस आहे हे विसरलात, की त्यांचा सैतान बनवायचा कारखाना तुम्ही चालवायला घेतलात म्हणून समजा.

जय भीम!