आश्विनी पौर्णिमा आणि वहीतील बाकी

सोनारीचे नाव काढले की परंडा तालुक्यातील माणसाला काळभैरवनाथाचे मंदिर आठवते, त्याच्या आवारात निर्धास्त वावरणारी माकडे आठवतात आणि चैत्रातील यात्रा आठवते. परंतु येथील व्यापाऱ्याचे वर्ष चैत्रावर तोललेले नसते. ते आश्विनावर असते. मूग-उडीद येऊन गेलेले, सोयाबीन काढणीला, ज्वारीची पेरणी तोंडावर आणि मृगापासून दिलेली उधारी वहीत उभी. लेकी-जावई, नातवंडे याच सुमारास गावाकडे येतात आणि याच सुमारास तुळजापूरची आश्विनी पौर्णिमेची यात्रा भरते.

विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. त्यासाठीचा पलंग दरवर्षी पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून येतो, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. सोलापूरकर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर पायी चालत येतात. कर्नाटकातून येणारे त्याहून कितीतरी अधिक. खरीप हाती आलेला असल्याने यात्रेकरूच्या कनवटीला चार पैसे असतात आणि ते ओळखूनच कारागीर पाल मांडतो. बुरडाच्या परड्या आणि टोपल्या, पितळी टाक, घोंगड्या, संबळ, बांगड्या, कुंकवाच्या राशी आणि सर्वांत ठळक म्हणजे कवड्यांच्या माळा. जैन घरे येथे केवळ खरेदीसाठी जातात असे म्हणणे सोयीचे आहे. खेड्यातील शेजार इतक्या काटेकोर रेषा ओढीत नाही.

सोनारीतील एका किराणा दुकानदाराच्या घरी २०२५ च्या आश्विनात पुण्याची लेक, सनदी लेखापाल असलेले जावई आणि दहा वर्षांची नात अशी मंडळी आली होती. घरातील आजींची नवपदाची ओळी चालू होती. आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ आयंबिले: दिवसातून एकदाच जेवण; दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, हिरवी भाजी सारे वर्ज्य. उकडलेले मूग आणि कोरडी भाकरी. येताना लेकीने कुंथलगिरीचे दर्शन घेऊन पेढे आणले होते. देशभूषण-कुलभूषण मुनींचे आणि १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली ते हे क्षेत्र दिगंबरांचे; पण या जिल्ह्यातील श्वेतांबर घरांनीही तेथे माथा टेकण्यात कधी आम्नाय पाहिलेला नाही. तेथील खवा तर साऱ्यांचाच. पेढ्यांचा पुडा मात्र पारण्यापर्यंत दोरी न सोडता फडताळात राहिला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मंडळी बार्शीमार्गे तुळजापूरला गेली. नातीला कवड्यांची माळ हवी होती. कवडी पारखणे, घासणे, भोक पाडणे, पट्टीवर ओवणे हे काम तुळजापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालते. तुळजापूरच्या कवडीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. व्यापाऱ्याच्या मुलीला तर कवडीची ओढ वाटावीच. माळदीव बेटांतून येणारी कवडी हे कित्येक शतके या देशातील सर्वांत लहान चलन होते. नाणे गेले, पण कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्द दुकानातून अजून गेलेले नाहीत.

माळेसाठी पैसे काढण्यापूर्वी लेकीने घरी फोन लावला. आजींनी एवढेच विचारले, “ती कवडी रिकामी सापडते का गं?” प्रश्न साधा होता आणि उत्तर अडचणीचे. कवडी हे समुद्रातील गोगलगायीसारख्या एका जिवाचे घर. माळदीवचे लोक नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात सोडीत, त्यांना चिकटलेले जीव गोळा करीत आणि आतले मांस कुजून जाईपर्यंत ते वाळूत पुरून ठेवीत. वापरातील चकचकीत कवडी बहुधा अशीच मिळवलेली असते. किनाऱ्यावर घासत पडलेलीची झळाळी उतरलेली असते. शेजारच्या पालावर हुबेहूब प्लॅस्टिकच्या माळा होत्या. त्यात हिंसा नाही, पण ओवणाऱ्याचे पोटही नाही. अहिंसेचा हिशेब दुकानाच्या हिशेबासारखा एका बेरजेत मिटत नाही, हे अशा वेळी ध्यानात येते.

नातीने अखेर बुरडाकडची टोपली घेतली. बुरडाने दीडशे सांगितले. जावयांनी सवयीने शंभर म्हटले. बुरडाने टोपली उलटी करून बुडाची वीण दाखवली आणि काही न बोलता ती पुन्हा जागेवर ठेवली. लेकीने दीडशे दिले.

त्या वर्षी यात्रेत उलाढाल बेताचीच होती, याचे कारण सर्वांना ठाऊक होते. सप्टेंबरात सीना नदीला आलेल्या पुराने परंडा तालुक्याची दैना केली होती. पाण्यात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. सोयाबीन उभ्या जागी कुजले. काही ठिकाणी मातीच खरवडून गेली. केंद्राने सोयाबीनला क्विंटलमागे ५३२८ रुपये हमीभाव ठरवला होता, पण डागी, ओलसर दाण्याला तो भाव कोण देणार? आणि ज्याचा दाणाच गेला त्याला भावाचे काय?

सोनारीच्या त्या दुकानाचे बरेच गिऱ्हाईक सीनाकाठचे. पौर्णिमेच्या रात्री नात अंगणात चांदणे पाहत असताना सासरे-जावई वही घेऊन बसले. दिवाळीला, वीरनिर्वाणाच्या मुहूर्तावर, नवी वही सुरू व्हायची होती. जावयांचे मत स्पष्ट होते: ज्यांची जमीन वाहून गेली त्यांची बाकी बुडीत धरावी, उरलेल्यांना सरकारी मदत खात्यात पडताच तगादा लावावा, आणि नवी उधारी बंद. घाऊक व्यापारी काही पूर आला म्हणून थांबणार नाहीत, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडले. ते चुकीचे बोलत नव्हते. दुकान बुडाले तर गावाला मीठ-साखर बार्शीहून आणावी लागेल, आणि तेथे उधार कोण देते?

सासऱ्यांचे म्हणणे निराळे होते. मदतीचा पैसा हा बियाण्याचा पैसा आहे. तो उधारीत वळवला तर ज्वारी पेरली जाणार नाही, आणि ज्वारी नाही तर पुढची संक्रांत नाही. बुडीत हा शब्द मात्र त्यांनी मोडून काढला. माणूस जिवंत असताना त्याची बाकी बुडीत लिहिणे म्हणजे त्याला बुडालेला म्हणणे, असे त्यांचे मत. बाकी तशीच नव्या वहीत ओढायची, व्याज नाही, मुदत ज्वारीच्या मळणीपर्यंत. त्यासाठी लेकीच्या नावावर ठेवलेली एक ठेव मोडावी लागणार होती. लेक दारात उभी होती. तिने होकार दिला, पण ठेव पुन्हा केव्हा भरायची तेही वहीत लिहा, असे बजावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचे पारणे झाले. मुगाचे पाणी झाल्यावर त्यांनी पेढ्यातला चतकोर तोंडात घातला आणि उरलेला पुडा त्या नव्या टोपलीत ठेवून दुकानात पाठवला. पायरीवर सीनाकाठचा एक शेतकरी बसला होता; मागचे राहिलेच आहे, पण मीठ, तेल आणि चहापत्ती हवी, असे तो मान खाली घालून म्हणाला. सासऱ्यांनी आधी पेढा पुढे केला. मग तराजू घेतला. जावयांनी वहीचे नवे पान उघडून तारीख घातली आणि रक्कम विचारली.