पहिली पंगत तिन्हीसांजेची

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात घरातला माणूस बोटीवर असणं हे काही नवल नाही. कुणाचा मामा पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जहाजावरून स्टुअर्ड म्हणून निवृत्त झालेला असतो, कुणाचा भाऊ एखाद्या इटालियन कंपनीच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भाजी चिरण्यापासून सुरुवात करून शेफ झालेला असतो. हल्ली मात्र याच घरांतली माणसं तिकीट काढून, प्रवासी म्हणून जहाजावर चढू लागली आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोव्याकडे येऊ लागलं आणि क्रूझ म्हणजे सिंगापूर नाहीतर युरोप ही समजूत मागे पडली. आजी-आजोबा, आई-बाबा आणि कडेवर दोन वर्षांचं मूल अशी मंडळी मुरगाव बंदराकडे निघतात. बॅगा आठवडाभर आधी भरून तयार असतात. मुलाच्या रात्रीच्या जेवणाचा विचार मात्र जहाजावर पाऊल ठेवल्यावर सुरू होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मोठ्या जहाजावर जेवण घड्याळाला बांधलेलं असतं. मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून संध्याकाळी दोन पंगती बसतात. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. पहिली पंगत जेवत असते तेव्हा दुसऱ्या पंगतीची माणसं थिएटरात कार्यक्रम पाहतात, मग अदलाबदल होते. ‘एम्प्रेस’ हे जहाज मुळात १९९० साली रॉयल कॅरेबियनसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलं गेलं. त्या काळी जगभरच्या क्रूझवर ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि ठरलेला वेटर हीच रीत होती. २००० साली ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ने ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली, वाटेल तेव्हा या आणि जेवा. तेव्हापासून बहुतेक कंपन्यांनी काही ना काही सूट दिली. तरी दोन पंगतींची व्यवस्था आजही अनेक जहाजांवर टिकून आहे. वेळा जहाजागणिक थोड्या मागेपुढे होतात. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: टेबलावर बसून जेवायचं म्हटलं की सूपपासून गोडापर्यंत दीड तास सहज जातो.

दोन वर्षांच्या मुलाला दीड तास खुर्चीत बसवून ठेवणं कुणालाही जमणारं नाही.

पेडण्यातल्या घरात मोठी माणसं साडेआठ-नऊला पानावर बसतात. मुलाचं मात्र तिन्हीसांजेला, देवाजवळ दिवा लागला की सुरू होतं. मऊ भात, वरण, तूप, कधी काटे काढून कुस्करलेला मासा. साडेसातला पोट भरलेलं असतं आणि आठला मान आजीच्या खांद्यावर पडते. या मुलाला जहाजाच्या सहाच्या पंगतीत बसवलं तर भूक लागलेली नसते, कारण दूध-बिस्कीट नुकतंच झालेलं असतं. साडेआठच्या पंगतीत बसवलं तर भूकही निघून गेलेली असते आणि झोपही. मग सुरू होतं ते रडणं, चमचे फेकणं आणि आई-बाबांनी आळीपाळीने मूल कडेवर घेऊन डेकवर येरझाऱ्या घालणं. मूल हट्टी आहे म्हणून हे होत नाही. त्याच्या शरीराला जी वेळ ठाऊक आहे ती कुणी विचारातच घेतलेली नसते.

म्हणून सगळ्यांनी एकत्र, एकाच टेबलावर, एकाच वेळी जेवलंच पाहिजे हा आग्रह पहिल्याच दिवशी सोडावा. गावच्या देवळात महाप्रसादाला लहान मुलांना आधी वाढून घेतात, मोठ्यांची पंगत मागाहून बसते. जहाजावरही तीच रीत सगळ्यात सुखाची. बुफे साधारणपणे मुख्य भोजनगृहाच्या दुसऱ्या पंगतीच्या बऱ्याच आधी उघडतो. साडेसहा-सातच्या सुमारास तिथे गर्दी नसते, उंच खुर्ची मिळते, आणि भारतीय प्रवासी असलेल्या जहाजावर साधा भात, डाळ, दही हमखास सापडतं. मुलाला तिथे निवांत भरवावं. मग साडेआठला मोठी माणसं टेबलावर बसतील तेव्हा ते बाबागाडीत झोपलेलं असेल, नाहीतर हातात पावाचा तुकडा घेऊन खुशीत इकडेतिकडे बघत असेल.

ही कल्पना आजची नाही. जुन्या पी अँड ओ बोटींवर मुलांचं जेवण मोठ्यांच्या आधी आणि वेगळं होत असे. आजही त्याच कंपनीच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर संध्याकाळी लवकर ‘चिल्ड्रन्स टी’ असतो. नाव चहाचं, पण असतं ते मुलांचं पोटभर जेवण. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये स्थायिक झालेली गोव्याची कितीतरी कुटुंबं साउथॅम्प्टनहून अशा जहाजांवर चढू शकतात, आणि त्यांनी बुकिंगच्या वेळीच हे विचारून घेणं शहाणपणाचं.

मूल तीन वर्षांचं झालं आणि लंगोटातून बाहेर आलं की चित्र पालटतं. बहुतेक जहाजांवरचे किड्स क्लब याच वयापासून मुलं घेतात. डिस्नेच्या जहाजांवर १९९८ पासून कुटुंबाने दर रात्री वेगळ्या भोजनगृहात जेवायचं आणि वेटरनेही त्यांच्याबरोबर फिरायचं अशी पद्धत आहे. त्यामुळे मुलाला कोणतं फळ आवडतं हे दुसऱ्या रात्री वेटरला पाठ झालेलं असतं. तिथे उशिराच्या पंगतीत मुलांना आधी वाढतात आणि पाऊण तासाने क्लबची माणसं त्यांना खेळायला घेऊन जातात. सोय उत्तम आहे. पण खरी पंचाईत एक ते तीन वर्षांच्या मुलांची, आणि त्यांच्यासाठी आई-बाबांनाच वेळ सांभाळावी लागते.

परदेशातून जहाज धरायचं असेल तर पंगत निवडण्याआधी थोडं गणित करावं. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे साडेआठ वाजतात तेव्हा पेडण्यात सहा वाजलेले असतात. म्हणजे चार-पाच दिवसांच्या सहलीत लहान मुलासाठी उशिराची पंगतच बरी, आणि सहाची पंगत म्हणजे त्याच्या पोटाच्या हिशेबाने दुपारचे साडेतीन. दुबईचं याच्या उलट. ती आपल्या दीड तास मागे, म्हणून तिथली सहाची पंगत घरच्या साडेसातला जुळते आणि साडेआठची थेट रात्री दहावर जाते. उन्हाळ्यात बार्सिलोनाहून निघालात तर फरक साडेतीन तासांचा. तिथे पहिल्या दोन रात्री मूल टेबलावरच झोपणार हे गृहीत धरावं, दुपारी त्याला नीट झोपवावं आणि रात्री केबिनमध्येच काहीतरी मागवावं. एजंट केबिनला बाल्कनी आहे की नाही हे आवर्जून सांगतात. हे गणित मात्र कुटुंबाने स्वतःच करायचं असतं.

आता खाण्याबद्दल. विजेची किटली, छोटा राइस कुकर, इंडक्शन शेगडी या गोष्टी आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर चालत नाहीत. चढतानाच्या तपासणीत त्या काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. तेव्हा केबिनमध्ये उकड्या तांदळाची पेज शिजवायचा बेत आखू नये. घरी शिजवलेलं अन्नही सहसा आत नेता येत नाही. सीलबंद बाळ-आहार आणि दुधाची पावडर चालते. नाचणीचं सत्त्व न्यायचं असेल तर दुकानातलं बंद पाकीट घ्यावं. गरम पाणी आणि दूध भोजनगृहातून मागता येतं. मुलांच्या मेनूवर पिझ्झा, पास्ता, नगेट आणि बटाट्याचे तळलेले काप असतात. दोन दिवस ते खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण मिरची-मसाला न घातलेली डाळ, नुसता उकडलेला मासा, मऊ शिजवलेला भात हे सगळं प्रमुख वेटरला आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक वेळा मिळतं. शिजवलेली भाजी मिक्सरमधून काढून देणारी गॅलीही पुष्कळ जहाजांवर असते. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर मात्र ती टेबलावर सांगायची गोष्ट नव्हे, बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावी.

हात धुण्याबद्दल थोडं कडक बोलायला हवं. जहाजांवर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस हातांवाटे झपाट्याने फिरतो आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. साबण आणि पाणी हाच उपाय. बुफेत मूल सगळीकडे हात लावत जातं, तेच बोट तोंडात घालतं. त्याला स्वतः वाढून घेऊ देऊ नये, आणि घास भरवण्याआधी त्याचे आणि आपले दोघांचेही हात धुवावेत.

कोकणच्या जुन्या आगबोटीतून ज्यांनी प्रवास केला त्यांना बोट लागणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पणजी किंवा वेंगुर्ल्याहून मुंबईला जायचं, वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी पडावातून बोटीपर्यंत पोचायचं आणि रात्र डेकवर पथारी टाकून काढायची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही त्या बोटींची नावं अजून अनेकांच्या तोंडी आहेत. भाकरी-चटणीची शिदोरी सोबत असे, पण समुद्र खवळला की ती उघडण्याची इच्छाच राहत नसे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती वाहतूक थांबली. आजची जहाजं प्रचंड आहेत, त्यांना तोल सांभाळणारे पंख असतात आणि पावसाळ्यात ती गोव्याच्या वाटेला येत नाहीत, त्यामुळे हेलकावे पूर्वीसारखे जाणवत नाहीत. तरी दोन ते बारा वर्षांच्या मुलांना बोट लवकर लागते. दोन वर्षांखालच्यांना सहसा लागत नाही. समुद्र हलता असेल त्या रात्री मुलाला तेलकट आणि गोड देऊ नये. कोरडं बिस्कीट, थोडा भात, घोटघोट पाणी पुरे. जहाजाचा मधला आणि खालचा भाग सगळ्यात कमी हलतो, हे केबिन निवडताना लक्षात ठेवावं. औषध आपल्या डॉक्टरला आधी विचारूनच.

पहिली रात्र सगळ्यात अवघड. दुपारी बंदरावर रांगा, तपासणी, केबिन शोधणं, मग सुरक्षेची कवायत. इटलीतल्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या जहाजाच्या जानेवारी २०१२ च्या दुर्घटनेनंतर ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच करण्याचा नियम आला, आणि ती चुकवता येत नाही. या सगळ्यात मुलाची दुपारची झोप जाते. त्या संध्याकाळी भोजनगृहातला थाट मोठ्यांनीही सोडून द्यावा, सगळ्यांनी बुफेत लवकर जेवून घ्यावं.

टेबलावर वाढणाऱ्या माणसाचाही विचार हवा. तो पेडण्याचा किंवा डिचोलीचाही असू शकतो, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर आलेला असल्यामुळे त्याचं स्वतःचं मूल गावी आजीच्या हातून जेवत असतं. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. दुसरी पंगत लांबली की त्याच विश्रांतीला कात्री लागते, कारण पहाटे न्याहारीची तयारी असते. दिलेल्या वेळेच्या पहिल्या दहा मिनिटांत टेबलावर पोचणं, मुलाने सांडलेला भात आपणच थोडा गोळा करणं आणि बसताक्षणी ‘मुलाचं आधी आणा’ असं सांगणं, एवढ्याने त्याची रात्र हलकी होते. मुलाचं ताट पाच मिनिटांत समोर येतं ते वेगळंच.

शेवटच्या रात्री बॅगा साधारण अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी लवकर उतरायचं असतं. त्या रात्री लवकरची पंगत मिळते का हे दुपारीच विचारून ठेवावं. मुलाचे सकाळचे कपडे, दुधाची बाटली आणि बिस्किटांचा पुडा हातातल्या पिशवीत काढून ठेवावा, कारण मोठ्या बॅगा एकदा गेल्या की थेट धक्क्यावरच भेटतात, आणि मुरगावहून पेडण्याला पोचेपर्यंत मुलाच्या दुसऱ्या भुकेची वेळ झालेली असते.