गेल्या कुठे त्या गाड्या?

आमच्या परिचयातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना डॉक्टरांनी साखर वर्ज्य केली, तेव्हा त्यांनी घरात मोठा आकांत मांडला. बिनसाखरेचा चहा या जन्मी घशाखाली उतरणार नाही, असे त्यांचे ठाम भाकीत होते. सहा महिन्यांनी कोणी चुकून त्यांच्या कपात साखर घातली, तर तोंड वाकडे करून म्हणाले, "अहो, एवढे गोड मी कधी घेत होतो?" भाकीत चुकले ते चुकलेच, पण ते आपण केले होते, हेही त्यांच्या स्मरणात राहिले नव्हते.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तेथे एका अख्ख्या नगराच्या बाबतीत असेच घडले. हे नगर बेटांवर वसलेले. त्याच्या मध्यभागात शिरण्याचे मार्ग मोजके, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांवर मोटारींच्या रांगा. मध्यभागात ये-जा करणाऱ्या मोटारींवर कर बसवावा, गर्दीच्या वेळी तो अधिक असावा, अशी योजना निघाली. लोकांचा तिला एवढा विरोध, की असा कर बसवणार नाही, असे आश्वासन पुढे नगरप्रमुख झालेल्या बाईंनी 2002 च्या निवडणुकीपूर्वी दिले होते. राजकीय तडजोडीत ते मोडले, तेव्हा संतापात भरच पडली. ज्याला गाडीवाचून गत्यंतर नाही तो मुकाट्याने पैसे भरील आणि रांगा तशाच राहतील, असा अनेकांचा होरा होता.

अखेर 3 जानेवारी ते 31 जुलै 2006 एवढा काळ प्रयोग करून मग जनमत घ्यावे, असे ठरले. 2005 च्या ऑगस्टमध्येच जादा बसगाड्या सुरू केल्या होत्या. परंतु केवळ त्यांच्यामुळे मोटारी कमी झाल्याचे दिसले नाही. मग कर लागू झाला. वेळेनुसार एका खेपेस 10 ते 20 क्रोनर, दिवसाचे फार तर 60. रक्कम तशी बेताचीच. पण नाक्यांवरील वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली आणि रांगा ओसरल्या. पाचांतील एकच गाडी उणी झाली, तरी तुंबलेला रस्ता वाहू लागतो.

पण ती पाचवी गाडी गेली कुठे? कामावर जाणारे बरेचसे भुयारी रेल्वेकडे आणि बसकडे वळले. उरलेल्यांचा मात्र माग लागेना. कोणी दोन कामे एका खेपेत उरकली, कोणी खरेदी घराजवळच केली, कोणी भेटीचा वार बदलला. या प्रयोगाचा अभ्यास करणारे वाहतूकतज्ज्ञ योनास एलियासन यांनी सांगितले आहे, की सवयी बदललेल्या अनेकांना आपण काही बदलले याची जाणीवच नव्हती. एकूण घट किती होईल, हे तज्ज्ञांच्या गणिताने बऱ्यापैकी अचूक वर्तवले होते. परंतु ज्याची सवय बदलायची होती, त्या माणसाला मात्र ते आपल्यापुरते सांगता आले नाही.

प्रयोग संपताच मोटारी परतल्या, पण सगळ्या नाही. काही सवयी कराविनाही टिकल्या. सप्टेंबर 2006 च्या जनमतात शहराने निसटत्या बहुमताने कराच्या बाजूने कौल दिला, आणि 1 ऑगस्ट 2007 पासून तो कायम झाला. पुढे पाठिंबा वाढतच गेला, आणि आपण पूर्वी विरोधात होतो, हे कित्येकांना आठवेनासे झाले!

याची दुसरी बाजूही नजरेआड करू नये. भोवतालच्या ज्या गावांनी स्वतंत्र मतदान घेतले, त्यांतील बहुतेकांनी विरोधच नोंदवला. कारण तेथील अनेक रहिवाशांनाही नाका ओलांडावा लागणार होता. शिवाय गाडी सोडणाऱ्याला हाताशी रेल्वे होती, बस होती. जेथे दुसरे साधनच नाही, तेथे असा कर म्हणजे निव्वळ दंड.

परंतु मूळ मुद्दा उरतोच. एखादी सुधारणा करण्यापूर्वी आपण लोकांना विचारतो, "तुम्हांला हे जमेल काय?" लोक प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, आणि सुधारणा तेथेच मिटते. त्यात लबाडी नसते. असते ते केवळ अज्ञान, तेही स्वतःविषयीचे. पाण्यात पडले की पोहता येते, असे आपले वाडवडील म्हणत. मात्र पाणी बेताचे असावे, काठ जवळ असावा, आणि बाहेर यावे की नाही हे अखेरीस पोहणाऱ्याने ठरवावे. स्टॉकहोमने हे तिन्ही केले.

आमचे ते गृहस्थ हल्ली पाहुण्यांनाही बिनसाखरेचा चहा घेण्याचा आग्रह करतात. "पहिल्यापासूनच मला असा आवडतो," म्हणतात. घरची मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि कप पुढे करतात.