दादाचा हिशेब आणि साडेअकरा पौंड



कळमनुरीहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिचा दादा जर्मनीत शिकायला गेलाय. ती लिहिते, "दादा फोनवर म्हणतो, इथं चहा घ्यायचा म्हटलं की मी आधी त्याचे रुपये करतो, आणि मग घेतच नाही. आई रोज विचारते, जेवलास का? तो हो म्हणतो. खरं सांगत असेल का?"

प्रश्न साधा नाही. म्हणून आजचं सगळं पान तिलाच.

एका पैशाचे दुसरे पैसे करायची सवय आपल्या भागाला जुनी आहे बरं का! हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ साली. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचा रुपया वेगळा, त्याला म्हणत 'हाली'. इंग्रजांच्या मुलखातला रुपया 'कलदार'. साधारण सात हाली मोजले की सहा कलदार मिळायचे. म्हणजे हिंगोलीचा माणूस मुंबईला निघाला तरी वाटेत हिशेब सुरू! घरात नव्वदीचे कुणी आजोबा असतील तर विचारून बघा.

तेव्हा दादा रुपये करतो यात नवल नाही. फी आणि घरभाडं ठरवताना ते करायलाच हवं. बाबांनी कर्ज काढलं असेल तर ते रुपयातच फेडायचं आहे. पण दुधाच्या पिशवीपाशी उभं राहून रोज रुपये केले तर माणूस दूधही घेणार नाही. तिथं त्याच गावातल्या दोन दुकानांचे भाव ताडून बघावेत.

आता एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती दिली होती, महिना साडेअकरा पौंड. त्यातच राहणं, खाणं आणि घरी मुंबईला पैसे पाठवणं. नाटक-सिनेमा त्यांनी बाद केला, खाण्यातही काटकसर केली. पण पुस्तकं? ती मात्र सोडली नाहीत. जुन्या बाजारातून घेत घेत सुमारे २,००० पुस्तकं जमवली. पुढं १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी सामान वेगळ्या जहाजानं पाठवलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. टॉर्पेडो लागून ते जहाज बुडालं, सामान गेलं.

मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. या खेपेला हात आणखी आखडता. बसऐवजी पायी जायचं. दुपारचं जेवण टाळून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचत बसायचं. रात्री भूक लागली की पापड आणि कपभर दूध. गंमत अशी, की त्यांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता रुपयाच! १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये दीड शिलिंगही मिळेना. रुपयात साठवून पौंडात खर्च करणाऱ्याला हे काय असतं ते वेगळं सांगायला नको.

ही गोष्ट सांगून मोठी माणसं म्हणतात, "बघा, असं उपाशी राहून शिकावं." मला ते पटत नाही. जेवण टाळणं ही त्यांची हौस नव्हती, नाइलाज होता. शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. काय अजिबात कापायचं नाही, हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग बाकीचं कापलं. कमी पडलं तेव्हा लपवलं नाही, मागितलं. शिवाय या हिशेबाला एक दुसरी बाजूही आहे. ते लंडनला असताना मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. पुस्तकांची किंमत त्यांनीही मोजली.

आता दादाकडे वळू. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला साधारणपणे वर्षाचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. त्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम हाती येते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ९९२ युरो होती. त्यातून घरभाडं आणि आरोग्यविमा आधी बाजूला निघतो. विमा तिथं सक्तीचाच आहे. मग जेवण. थंडीचं चांगलं जाकीट आणि बूटही हवेत, तिथं हिवाळा आपल्या औंढ्याच्या डोंगरासारखा नसतो. बाहेरचा चहा खुशाल शेवटी ठेव म्हणावं. पण दोस्तांबरोबर महिन्यातून दोनदा घेतलेला चहा मी तरी कापणार नाही. एकटं पडलेल्या मुलाचा अभ्यासही होत नाही.

तर मैत्रिणी, आईला सांग, "जेवलास का?" असं विचारू नकोस. त्याला 'हो' म्हणता येतं. "आज काय शिजवलंस?" असं विचार. आणि तू एक कर. घरचा महिन्याचा किराणा-वीज-फी असा हिशेब लिहून त्याला पाठव, त्याचा त्याच्याकडून मागव. दोन्ही शेजारी ठेवून रविवारी बोला. बाबांनाही बसवा.

उत्तर काय आलं ते मला कळव. आणि हो, या वेळी पत्रावर पिनकोड घाल!