गुंगीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

दाढदुखी अंगावर काढावी, पण दंतवैद्याच्या खुर्चीत बसू नये, अशा वृत्तीची माणसे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गावोगाव भेटतात. त्यांच्या भयावर गुंगी हा उपाय आहे. १८४४ साली होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, इतके या विद्येचे आणि दंतवैद्यकाचे नाते जुने आहे. तथापि सोय झाली म्हणून समज आपोआप येत नाही.

हिरडीत दिलेल्या इंजेक्शनाने तेवढीच जागा बधिर होते. शुद्ध कायम राहते. गुंगीचे औषध मात्र मेंदूवर परिणाम करते. वायूचा अंमल काही मिनिटांत ओसरतो. गोळीचा वा शिरेतून दिलेल्या औषधाचा काही तास टिकू शकतो. मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो, आणि खरा धोका तेथेच आहे.

अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेच्या व्यवहारात देणाऱ्यास पुष्कळ ठाऊक असते, घेणाऱ्यास थोडे. गुंगीत तर घेणारा त्या व्यवहाराचा पुरता साक्षीदारही उरत नाही. म्हणून प्रश्न आधीच विचारले पाहिजेत. गुंगी कोण देणार? दाढेवर काम चालू असता श्वासाकडे दुसरे कोणी पाहणार काय? प्राणवायू आणि रक्तातील त्याचे प्रमाण दाखविणारे यंत्र सज्ज आहे काय? किती तास उपाशी राहावयाचे? रुग्णानेही मधुमेह, दमा, घोरणे, गर्भारपण, चालू औषधे वा मद्यपान यांपैकी काही लपवू नये.

आपल्याकडील विशेष अडचण परतीच्या प्रवासाची. पुण्यास जाऊन उपचार घ्यावा आणि शंभर किलोमीटरांवरील बारामतीस एस. टी.ने एकट्यानेच परतावे, हे गोळी वा शिरेतून गुंगी घेतलेल्याने कदापि करू नये. सोबत प्रौढ माणूस हवा. त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर वा कडबाकुट्टीला हात लावू नये. सोबत्याची बुडालेली मजुरी हा उपचाराच्याच खर्चाचा भाग समजावा.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊनच रुग्णाची संमती घेतली पाहिजे. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून मागण्यास कोणी संकोचू नये. जो दंतवैद्य या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देईल, त्याच्या खुर्चीत बसावे. जो ती टाळील, त्याच्याकडून वेळीच उठावे.