खरखर कोठून येते?

पुराच्या रात्री वाहनातील वायरलेसवर ‘इकडे येऊ नका’ असा निरोप यावा आणि नेमका ‘नका’ हाच शब्द खरखरीत बुडून जावा, म्हणजे केवढा अनर्थ ओढवेल, हे तापीकाठच्या बऱ्हाणपूरकरांना समजावून सांगावयास नको. पोलिसांच्या वाहनांत हे यंत्र असते. परवाना काढून हौशी रेडिओचा छंद जोपासणारेही ते आपल्या मोटारीत बसवितात. आवाज बिघडला की दोष प्रथम यंत्राला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा तो वाहनाचा असतो, आणि नुसत्या कानांनी ओळखता येतो.

इंजिनाच्या वेगाबरोबर जिचा सूर चढतो, ती शिट्टी अल्टरनेटरची. वेगाबरोबर जलद होणारी टकटक पेट्रोल इंजिनाच्या प्लगांतील ठिणग्यांची. डिझेल इंजिनात ठिणगीचे प्लगच नसल्याने तेथे ही शंका घेऊ नये. गाडी खड्ड्यात आदळताच कडकडाट होत असेल, तर अँटेनाची किंवा अर्थिंगची जोडणी सैल झाली आहे काय, ते पाहावे.

परीक्षा गाडी उभी करूनच करावी. इंजिन बंद करून यंत्र चालू ठेवावे. खरखर थांबली, तर तिचे मूळ इंजिनाकडे. न थांबल्यास मोबाइलचा चार्जर, पंखा, एलईडी दिवे एकेक करून बंद करावेत. मूळ इंजिनाकडे दिसल्यास ते पुन्हा चालू करून अँटेनाची तार यंत्रापासून सोडवावी. आता उपद्रव गेला, तर तो अँटेनामार्गे येत होता. राहिला, तर बहुधा विजेच्या तारेतून. मात्र अँटेना सुटी असताना बोलण्याचे बटण कदापि दाबू नये. यंत्र निकामी होण्याचा संभव असतो.

तारेचा दोष असल्यास वीज सिगारेट लायटरच्या खाचेतून न घेता जाड तारेने थेट बॅटरीवरून घ्यावी व फ्यूज बॅटरीच्या निकट बसवावा. दोष ठिणग्यांचा असल्यास रोधक असलेले प्लग उपयोगी पडतात. आपला आवाज पलीकडे घोगरा जात असेल, तर माइक तोंडापासून किंचित दूर धरावा आणि खिडकीची काच वर करावी.

खंडव्याच्या वाटेवर असीरगडाच्या आसपास आवाज अचानक लोपला, तर मात्र यंत्र उघडू नये. हौशी मंडळी वापरतात त्या १४५ मेगाहर्ट्झच्या सुमाराच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सातपुड्याचा डोंगर आड आला की त्याची सावली पडते. गाडी थोडी पुढे नेल्यास संभाषण पुन्हा जुळू शकते.

एवढे करूनही निरोप घेणाऱ्याने तो शब्दशः उच्चारून दाखवावा: ‘येऊ नका, असे ऐकले.’ खरखरीत हरवलेला ‘नका’ त्यामुळे वेळीच सापडतो.